दहावी घरी: अनगोळच्या नोंदवहीतून

३ जून २०२४

बेळगावातल्या आमच्या अनगोळमध्ये शाळांच्या रिक्षा पुन्हा सुरू झाल्या. आमच्या दारात आता एकच थांबते, धाकट्यासाठी. थोरली घरी. सातवीपर्यंत ती मराठी माध्यमात होती. आठवीला इंग्रजीत घातली आणि दोन वर्षांत पोरगी प्रश्न कळायच्या आधी उत्तर पाठ करायला शिकली. ते प्रकरण एवढ्यावरच मिटवते. नववीचा दाखला हातात आहे, भांडण उरलेलं नाही.

ही वही ह्यांच्या सांगण्यावरून. उद्यमबागेत ह्यांचं तीन लेथचं वर्कशॉप आहे. तिथं प्रत्येक कामाला जॉबकार्ड असतं: काय ठरलं, किती वेळ लागला, कुठं बिघडलं. "घरात शाळा काढायची तर तिचंपण जॉबकार्ड ठेव. नाहीतर मार्चमध्ये माझ्यावर ओरडशील."

काम: एप्रिल २०२५ मध्ये दहावी. नंतर पीयूसी, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, विज्ञान घेऊन, असं सध्या तरी ती म्हणते.

८ जून

मंडळ कोणतं? घरात तीन बाजू.

कोल्हापूरचे दीर: "पोरीला इकडं पाठवा, १७ नंबरचा फॉर्म भरू." म्हणजे महाराष्ट्र मंडळाची दहावी, बाहेरून. बालभारतीची पुस्तकं चांगली आहेत, मराठी आहेत, ते मलाही पटतं. पण पोरगी घरी शिकावी म्हणून शाळेतून काढली आणि तिलाच घरातून काढायची, हे काही जमेना.

दुसरी बाजू शेजाऱ्यांची: कर्नाटक मंडळाची दहावी, म्हणजे एसएसएलसी, खाजगी परीक्षार्थी म्हणून. एकूण ६२५ गुण, त्यात पहिली भाषा १२५ ची. सहा पेपरांत तीन भाषांचे. जिची गाडी भाषेच्या गोंधळातच अडकली होती तिला पुन्हा अर्धी परीक्षा भाषांचीच.

तिसरं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, सगळे म्हणतात ते एनआयओएस. १९८९ पासूनचं, केंद्र सरकारचं. दहावीला वय १४ पूर्ण हवं. विषय पाच, आपण निवडायचे. प्रवेश पाच वर्षं चालतो आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एक विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नापासच करत नाहीत व्हय?" करतात. पास व्हायला ३३ टक्के लागतात. पण एका विषयासाठी सगळं वर्ष मातीत जात नाही.

माझं मत तिसऱ्याकडे झुकलंय. पण आधी पुढचं दार बघायचं. दहावी झाली आणि इंजिनिअरिंग-ॲग्रीच्या दारात अडकली, असं नको.

१४ जून

बघितलं ते बरं झालं.

कर्नाटकाच्या सीईटीत सर्वसाधारण उमेदवारासाठी पात्रतेचं कलम असं आहे: पहिली ते बारावीच्या दरम्यान किमान सात शैक्षणिक वर्षं राज्यातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण हवी. घरी घालवलेलं वर्ष ह्या सातात धरत नाहीत.

थोरलीची पहिली ते नववी, नऊ वर्षं. मोकळी आहे. शिवाय पीयूसी इथल्याच कॉलेजात करायची. तिला कोल्हापूरला पाठवायचंच नाही, म्हणजे १७ नंबरचा विषय मिटला. दिरांना फोन करून सांगितलं. रुसले थोडे.

पण धाकटा! मेपासून तो मागे लागलाय, मलापण घरी राहायचंय म्हणून. त्याची सहावी झालीय. सहा वर्षं. पुढं बारावीपर्यंत घरीच राहिला तर एक कमी. आज संध्याकाळी त्याला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडून दाखवला. सातवी शाळेतच करायची, मग पुढचं बघू. त्याने विचारलं, "आणि मला सीईटी द्यायचीच नसली तर?" बारा वर्षांच्या पोराला ते आज ठरवता येत नाही, म्हणूनच दार उघडं ठेवायचं, असं सांगितलं. तो रडला. मी चहा टाकला.

ज्यांच्या घरी पाचवी-सहावीतच शाळा सोडायचं चाललंय त्यांनी हा आकडा आधी मोजावा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळे "पोरं घरी लाजाळू होतात काय हो?" एवढंच विचारत होते.

२२ जून

विषय. गणित आणि विज्ञान ठरलेलेच. सामाजिक शास्त्र तिने स्वतः घेतलं. उरले दोन, आणि तिथंच घर पेटलं.

पास व्हायच्या पाच विषयांत भाषा कमीत कमी एक, जास्तीत जास्त दोन. इंग्रजी हवीच. दुसरी मराठी की कन्नड? दोन्ही यादीत आहेत, मराठीचा विषय क्रमांक २०४, कन्नडचा २०८.

सासरे १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आत जाऊन आलेले. त्यांचा फोटो ह्याच खोलीत आहे. सासूबाई म्हणाल्या, "शिकू दे की कन्नड. मी कुठं नको म्हणते? खरं दाखल्यावर मराठी नको?" हे गप्प. मीही गप्प, कारण मलाही तसंच वाटत होतं.

थोरली म्हणाली, "आज्जी, मराठी माझी कुठं पळून चालली नाही. कन्नड परीक्षा नसली तर मी शिकणारच नाही, मला माहीत आहे." मग हळूच, "बँकेत गेल्यावर बाबा दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेतात, ते मला नको."

ह्यांनी मान खाली घातली. खरं आहे ते. पन्नाशीला आला माणूस, तीस वर्षं इथं धंदा केला, कन्नड बोलतात झकास, वाचता येत नाही.

ठरलं: इंग्रजी २०२, कन्नड २०८, गणित २११, विज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३. सासूबाई रात्री जेवल्या, पण बोलल्या नाहीत.

६ जुलै

ऑनलाइन अर्ज भरला. एप्रिलच्या परीक्षेसाठी विनाविलंब शुल्काची मुदत जुलैअखेर असते, पण शेवटच्या आठवड्याची वाट बघणारी मी नव्हे. जन्मदाखला, आधार, फोटो, सही. आपण दहावीचा अभ्यास करू शकतो अशी स्वयंघोषणाही चालते. आमच्याकडे दाखला होताच. सहीचा फोटो चार वेळा परत आला. अभ्यासकेंद्र कर्नाटकातलंच घेतलं, सात वर्षांच्या कलमामागोमाग येणारी "राज्यातून उत्तीर्ण"ची अट डोक्यात ठेवून.

माध्यम इंग्रजी, कारण पीयूसी इंग्रजीतच होणार. मग पुन्हा तेच पाठांतर? नाही. कल्पना आधी मराठीतून समजून घ्यायची. त्यासाठी बालभारतीची पुस्तकं उतरवून घेतली, कर्नाटक सरकारची मराठी माध्यमाची भाचीकडून आणली. उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचं. तीन रकान्यांची एक वही केली: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आणि तिच्या स्वतःच्या भाषेत अर्थ. पहिल्या पानावर त्रिज्या, परीघ, जीवा, स्पर्शिका. स्पर्शिकेपुढे तिने लिहिलंय: "वर्तुळाला फक्त शिवून जाते, आत शिरत नाही. शेजारणीसारखी नाही."

२४ जुलै

कोसळतोय. खानापूरकडच्या शाळांना सुट्टी. धाकट्याचा प्रश्न: घरच्या शाळेला कलेक्टर सुट्टी देतात काय?

सरळ कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याला पट्टी चिकटवून गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलाय. काल सकाळी ते आज सकाळी ४१ मिमी. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे तिने गच्ची मोजून पडताळलं आणि टाकी किती वेळा भरली असती ते ह्यांना ऐकवलं. विज्ञानाची वही अशी सुरू झाली.

आज मुख्य काम तासांचं. ऑगस्ट ते मार्च ३५ आठवडे. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला चार तास. ७०० तास. मी खूश. ह्यांनी कागद बघितला आणि हसले. "मशीन शंभर टक्के चालते काय? सत्तर धर." गणपती, दिवाळी, भाचीचं लग्न, गावाकडची सुगी, सर्दी-ताप. म्हणजे ४९० तास.

ते समान वाटायचे नाहीत. इंग्रजीचं व्याकरण तिला येतं, तिथं ४० पुरेत. सामाजिक शास्त्राला ७०. विज्ञानाला १००. कन्नड शून्यातून, म्हणून १३०. गणिताला १५०. समान वाटले असते तर गणिताला ९८ मिळाले असते आणि इंग्रजीला उगाच तेवढेच.

१० ऑगस्ट

गणित वर्कशॉपमध्ये. दर शनिवारी सकाळी दोन तास.

आज टेपर, म्हणजे निमुळता जॉब. एका जॉबचं मोठं टोक ६० मिमी व्यासाचं, लहान ४८ चं, लांबी १००. कंपाऊंड स्लाईड, म्हणजे लेथवरचा हत्यार सरकवणारा भाग, किती अंशांत फिरवायची? फरकाचा अर्धा ६, भागिले १००, म्हणजे ०.०६. टॅन ज्याचा ०.०६ तो कोन ३ अंश २६ मिनिटं. पुस्तकात टॅन म्हणजे झाडाची सावली आणि दीपगृहावरचा माणूस. इथं तिने स्वतः स्लाईड फिरवली, आणि जॉब निघाल्यावर ०.०२ मिमीपर्यंत वाचणाऱ्या व्हर्नियरने मोजला. बरोबर आला तेव्हा तिने कुणाकडे बघितलं नाही, पुन्हा मोजला. ते मला फार आवडलं.

मागच्या शनिवारची चूकही लिहून ठेवते. बिडाचं भरीव दंडगोल, व्यास १०० मिमी, लांबी २००. बिडाची घनता घनसेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅम. तिने वजन काढलं ४५ किलो. तिथला कामगार म्हणाला, "ताई, हे मी एका हातानं उचलतो की." त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता, वर्ग झाल्यावर उत्तर चौपट. खरं वजन ११.३ किलो. शंभर वेळा "नीट वाच" म्हणून जे झालं नाही ते एका हाताने झालं. आता प्रत्येक उत्तरावर ती स्वतःच विचारते, उचलेल काय?

३० ऑगस्ट

कन्नडला गुरू मिळाल्या. मागच्या गल्लीतल्या अक्का, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पैसे घेत नाहीत. "मला तुझ्या हातचं थालीपीठ दे," म्हणाल्या. एनआयओएसचं पुस्तक एकदम अवघड गेलं, म्हणून त्यांनी राज्याच्या दुसऱ्या भाषेच्या 'तिळि कन्नड' मालिकेतल्या खालच्या इयत्तांपासून धरलं.

मीही बसते. गंमत आहे. मराठीत दार 'ते', खिडकी 'ती', उंबरा 'तो'. कन्नडमध्ये निर्जीव ते सगळं नपुंसक, एकच प्रत्यय, कटकट संपली. 'ननगे बेकु' म्हणजे 'मला पाहिजे', रचना हुबेहूब आपली. तूप तिकडे तुप्प, अडकित्ता तिकडे अडकत्तरी. अक्का तर दोन्हीकडे अक्काच.

घोडं अडतं ते ए आणि ओ पाशी. कन्नडमध्ये दोन्हींची ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी अक्षरं आहेत. ऱ्हस्व ओ चं 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ ओ चं 'कोडु' म्हणजे शिंग. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही एकच दिसतात, आणि आपल्या कानालाही तो फरक लागत नाही. परवाच्या शुद्धलेखनात 'पुस्तक दे' लिहायचं होतं, तिने 'पुस्तक शिंग' लिहिलं. कन्नड शब्द देवनागरीत लिहून घ्यायची सवय त्याच दिवशी बंद केली. सुरुवातीला सोपं वाटतं, पण नंतर सगळं उसवावं लागतं.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन. दहा दिवसांत सहा तास अभ्यास. सत्तर टक्के उगाच धरले नव्हते.

आज अभ्यासकेंद्रावरून आल्यावर कळलेली गोष्ट: प्रत्येक विषयाचे धडे आता दोन भागांत विभागलेले आहेत. साधारण ४० टक्के धड्यांवर फक्त स्वाध्याय, ज्याला टीएमए म्हणतात. उरलेल्या ६० टक्क्यांवर लेखी परीक्षा. टीएमएचं वजन एकूण गुणांत २० टक्के. हे संकेतस्थळावर विषयवार दिलेलं आहे, मी पुस्तकं आल्या आल्या बघायला हवं होतं. दीड महिना आम्ही धडा एक, धडा दोन असं सरळ चालत होतो.

तक्ता फाडला. सामाजिक शास्त्रात विभागणी तशीच्या तशी घेतली. स्वाध्यायाच्या धड्यांना वाचन आणि एक लेखन, बस. गणितात मात्र नाही. परीक्षेला नसलेला धडाही पीयूसीत पहिल्याच महिन्यात समोर येतो, तेव्हा "आमच्या परीक्षेला नव्हतं" कुणी ऐकत नाही. गणिताचे १५० तास तसेच.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन, कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिन, तिन्ही एका तारखेला. सकाळी हे काळी फीत लावून फेरीला गेले. लाल-पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या दुपारी चौकातून गेल्या. संध्याकाळी अक्का फराळाला आल्या, सासूबाईंनी त्यांना ओवाळलं. थोरलीने विचारलं, हे सामाजिक शास्त्रात कुठल्या धड्यात येतं?

धड्यात नाही. कोरा कागद घेतला आणि तिने सीमाप्रश्नाच्या तारखा लिहिल्या: १९५६ राज्य पुनर्रचना, १९६६ महाजन आयोग नेमला, १९६७ अहवाल, २००४ महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयात दावा, २०१४ बेळगावचं बेळगावी. मी अट घातली: दोन परिच्छेद लिहायचे, एक आज्जीला पटेल असा, एक अक्कांना. दोन्हींत खोटं एकही वाक्य नको. दुसरा लिहायला तिला तिप्पट वेळ लागला.

२३ नोव्हेंबर

ह्या वहीतली सगळ्यात मोठी चूक आज सापडली, ती सासूबाईंमुळे. भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यात मराठी कुठं आहे?"

कुठंच नाही. ४९० तासांत एकही नाही. "मराठी कुठं पळून चालली नाही" हे आम्ही सगळ्यांनी इतकं सहज मानलं की तिला एक ओळसुद्धा दिली नाही. तीन रकान्यांच्या वहीत मराठी आहे, पण ती इंग्रजीकडे जायची शिडी म्हणून.

थोरलीला एक पान लिहायला सांगितलं, आजोळबद्दल. वाचून बसले. 'मी खानापूरला गेलो, आज्जीबरोबर शेतात आलो, दमलो.' आमच्याकडे पोरी अशाच बोलतात, मीही माहेरी 'येतो की' म्हणूनच उठते. बोलण्यात ते गोड आहे आणि मी ते सुधारणार नाही. पण लिहिताना 'गेले, आले, दमले' कधी आणि 'गेलो' कधी, हे तिला कळायला हवं. आपली निवड म्हणून लिहिलेलं 'गेलो' चालेल, दुसरं माहीतच नाही म्हणून लिहिलेलं नको.

तर नवीन काम, परीक्षेविना, तक्त्याबाहेर. रात्री जेवणानंतर अर्धा तास आज्जीपाशी. आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवायच्या, जशा म्हणते तशा, शब्द न सुधारता. खाली आपल्या भाषेत अर्थ, प्रमाण मराठीत. आज तीन झाल्या. एका शब्दाचा अर्थ आज्जीलाही सांगता आला नाही. "आई म्हणायची, म्हणून मी म्हणते."

२८ डिसेंबर

बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी म्हणून शहर दिव्यांनी मढवलेलं होतं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, १९२४ च्या डिसेंबरात, आपल्या टिळकवाडीत. परवा रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली आणि कार्यक्रम थांबले. आज गर्दी नव्हती, म्हणून पोरांना घेऊन काँग्रेस विहीर बघितली आणि तसंच किल्ल्यातल्या जैन मंदिरात, कमलबस्तीला गेलो. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची. धाकटा छतातल्या दगडी कमळाखाली आडवाच झाला. सामाजिक शास्त्राच्या ७० तासांत हे धरायचं की नाही यावर वाद. तीन तास धरले.

२४ जानेवारी २०२५

टीएमए गेले. आमची मुदत महिनाअखेर. विज्ञानाच्या एका स्वाध्यायात पर्जन्यमापकाची पूर्ण नोंद बसली.

तासांचा हिशेब: गणित १०४, विज्ञान ७१, सामाजिक ५८, इंग्रजी २२, कन्नड १२१. कन्नड पुढे का, तर ती आता सांगितल्याशिवाय अक्कांकडे जाते. गणित मागे आहे. शनिवारी वर्कशॉप दोनऐवजी तीन तास, आणि रोज सकाळी पाच गणितं घड्याळ लावून. वर्कशॉपने समज आली, वेग आलेला नाही. परीक्षेला दोन्ही लागतात, हे मी ऑगस्टमध्ये कबूल करायला तयार नव्हते.

धाकट्याने जाहीर केलंय की सातवीनंतर त्याला शाळेतच राहायचंय. क्रिकेटच्या संघात घेतलंय म्हणे. ठीक.

८ मार्च

कन्नडचा दुसरा सराव पेपर अक्कांनी तपासला. ६१. ऱ्हस्व-दीर्घ ओ च्या चार चुका, निबंध चांगला. मागच्या आठवड्यात ह्यांच्या वर्कशॉपला वीज कंपनीची कन्नड नोटीस आली, ती तिने वाचून दाखवली. हे नुसतेच "हं" म्हणाले आणि नोटीस घडी करून खिशात ठेवली. फाईलला लावायची सोडून.

संध्याकाळी अक्कांना ओव्यांची वही दाखवली. ४३ झाल्यात. अक्का चष्मा लावून वाचत होत्या, मराठी वाचतात त्या, हळू. मध्येच थांबून त्यांच्या आईची दळतानाची कन्नड पदं म्हणू लागल्या. सासूबाई आतून आल्या, समोर बसल्या, हाताने जातं फिरवल्यासारखं करत एक ओवी म्हटली. मग अक्कांनी एक. थोरली दोन्ही लिहून घेत होती, डावीकडे एक लिपी, उजवीकडे दुसरी.

तिसरा सराव पेपर आज व्हायचा होता, राहिला. उद्या सकाळी सात वाजता.